'नागपूर' उमटते, 'विदर्भ' मोडतो : डेस्कटॉपविरहित लिनक्स सेट-टॉप बॉक्सवरील देवनागरीची चिकित्सा

सारांश

सेट-टॉप बॉक्ससारख्या मर्यादित साधनांवर डेस्कटॉपचा डिस्प्ले सर्व्हर न वापरता थेट कर्नलच्या आधारे चित्ररूप अनुप्रयोग उभारण्याची पद्धत आज रूढ आहे. तांत्रिकदृष्ट्या ती योग्यही आहे. तथापि, डेस्कटॉप वगळताना त्याच्यासोबत येणारी अक्षरजुळणीची व्यवस्थाही अनेकदा नकळत वगळली जाते. रोमन लिपीचे त्यावाचून अडत नाही. देवनागरीचे मात्र पूर्णतः अडते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे गुणदोष मराठी अक्षराच्या कसोटीवर तपासले असून, हा दोष साधनांच्या मर्यादेचा नसून मूल्यमापनाच्या निकषांचा आहे, असे प्रतिपादन केले आहे.

सूचक शब्द : सेट-टॉप बॉक्स, लिनक्स, फ्रेमबफर, देवनागरी, अक्षरजुळणी, युनिकोड, नागपूर.

१. प्रस्तावना

केबल दूरचित्रवाणीच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाचा पहिला टप्पा २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांत पार पडला. दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ही मुदत देण्यात आली. त्यांत पुणे, नाशिक यांच्याबरोबर नागपूरही होते. पुढे ३१ मार्च २०१७ या अंतिम मुदतीपर्यंत हा बदल ग्रामीण भागापर्यंत नेण्यात आला. या स्थित्यंतराची चर्चा प्रामुख्याने वर्गणी, वाहिन्यांची संख्या व चित्राचा दर्जा या अंगांनी झाली. त्यातील एक बदल मात्र चर्चेबाहेर राहिला. ॲनालॉग केबल केवळ पाहिली जात असे. सेट-टॉप बॉक्स वाचावा लागतो. वाहिन्यांची यादी, कार्यक्रमपत्रिका, वर्गणी संपल्याची सूचना, पालकांसाठीचे कुलूप हा सर्व लिखित मजकूर आहे. साहजिकच तो कोणत्या लिपीत व किती शुद्ध उमटतो, हा प्रश्न उपस्थित होतो.

नागपूर हे एकेकाळी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीचे शहर. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा येथे सरसकट वावरतात आणि दोहोंची लिपी देवनागरीच आहे. त्यामुळे देवनागरीच्या अचूक प्रदर्शनाचा प्रश्न येथे एका भाषेच्या अभिमानापुरता उरत नाही. तो बहुसंख्य प्रेक्षकांच्या वाचनाचा प्रश्न ठरतो.

येथे एक मर्यादा नमूद करणे अगत्याचे आहे. बाजारातील अनेक स्वस्त पेट्या लिनक्सवर नव्हे, तर छोट्या रिअल-टाइम प्रणालींवर चालतात. प्रस्तुत विवेचन लिनक्सवर आधारित पेट्यांपुरते आहे. कारण तेथे अचूक देवनागरीसाठी लागणारी सर्व साधने मुक्तपणे उपलब्ध असूनही ती वगळली जाण्याचा संभव राहतो.

२. डिस्प्ले सर्व्हर वगळण्यामागील न्याय

एखाद्या पद्धतीची चिकित्सा करण्यापूर्वी तिची बाजू समजून घेणे न्यायाचे ठरेल. एक्स विंडो प्रणालीचा जन्म १९८४ मध्ये एमआयटी येथे झाला. एकाच पडद्यावर अनेक अनुप्रयोगांच्या खिडक्या नांदाव्यात, त्या हलवता याव्यात, माऊस व कळफलक यांचा संदेश योग्य खिडकीपर्यंत पोहोचावा, इतकेच नव्हे तर दूरच्या संगणकावरील अनुप्रयोगही आपल्या पडद्यावर दिसावा, अशी तिची उद्दिष्टे होती. २००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलँडने ही रचना बरीच सुटसुटीत केली. परंतु अनेक अनुप्रयोगांत पडदा वाटून देणे हे मध्यस्थाचे मूळ काम कायम राहिले.

सेट-टॉप बॉक्सवर बहुधा वाटून घेण्यासारखे काही नसते. अनुप्रयोग एक, पडदा एक आणि हाती कळफलकाऐवजी रिमोट. शिवाय पेटीतील प्रदर्शन-यंत्रणेतच थरांची सोय असते. चित्रफीत उलगडणारा भाग आपले चित्र खालच्या थरावर टाकतो आणि मेनू, सूचना इत्यादी वरच्या पारदर्शक थरावर उमटतात. दोन्ही थर यंत्रणाच एकत्र करते. मग मधल्या मध्यस्थाचे प्रयोजन काय, हा रचनाकाराचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

या प्रश्नाची उत्तरे कालक्रमाने बदलत गेली. आरंभीचे उत्तर फ्रेमबफर हे होते. पडद्यावरील प्रत्येक बिंदूची नोंद ठेवणारा स्मृतीचा पट्टा कर्नल एका उपकरण-फाइलच्या रूपाने उपलब्ध करून देतो आणि अनुप्रयोग त्यात थेट रंग भरतो. या पद्धतीत लेखन सोपे आहे. पण पडदा ताजा होण्याच्या क्षणाशी मेळ न बसल्यास चित्र फाटल्यासारखे दिसते. २००० नंतरच्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या डायरेक्टएफबी या ग्रंथालयाने त्यावर वेगवान रेखाटन, थर व निविष्टी यांची व्यवस्था दिली आणि अनेक दूरचित्रवाणी उपकरणांत ते वापरले गेले. २००९ मध्ये पडद्याची मांडणी कर्नलनेच करण्याची सोय मुख्य प्रवाहात आली. तेव्हापासून डीआरएम व केएमएस या नावांनी ओळखली जाणारी व्यवस्था प्रस्थापित होत गेली. २०१२ च्या अखेरीस आलेल्या क्यूटीच्या पाचव्या आवृत्तीने हेच तत्त्व स्वीकारून, त्याच अनुप्रयोगाला एक्सवर किंवा एक्सविना चालण्याची मुभा दिली.

आकडेमोडही या निर्णयाच्या बाजूने आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्याला प्रत्येक बिंदूमागे चार बाइट धरल्यास एका चित्रासाठी ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ७.९ मेगाबाइट स्मृती लागते. एक चित्र दिसत असताना दुसरे तयार ठेवायचे तर ती दुप्पट होते. चित्रफीत उलगडण्यासाठी लागणारी स्मृती निराळीच. अशा ठिकाणी अनावश्यक थर काढून टाकणारा अभियंता आपले कर्तव्यच करीत असतो.

३. वगळले काय आणि गेले काय?

इथवर आक्षेपाला जागा नाही. प्रश्न पुढे निर्माण होतो. डेस्कटॉप म्हणजे केवळ डिस्प्ले सर्व्हर नव्हे. त्याच्यासोबत टंकांचा शोध घेणारी, एका टंकात नसलेले अक्षर दुसऱ्यातून आणणारी, भाषा ओळखणारी आणि मुख्य म्हणजे अक्षरे जुळवणारी एक मांदियाळी येते. डेस्कटॉपवर काम करणाऱ्या विकसकाला ती कधी बोलवावी लागत नाही. त्यामुळे ती आहे याचीच त्याला जाणीव नसते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. 'एक्स काढला म्हणून मराठी बिघडले' हे निदान चुकीचे आहे. डिस्प्ले सर्व्हर अक्षरजुळणीचे काम करीत नव्हता. ते काम त्याच्या वरच्या थरातील पँगो, क्यूटी यांसारखी ग्रंथालये करीत होती. जीटीके हे ग्रंथालय एकेकाळी डायरेक्टएफबीवर, म्हणजे एक्सविना चालत असे आणि पँगो सोबत असल्याने देवनागरीही योग्य उमटवू शके. क्यूटी आजही डिस्प्ले सर्व्हरविना हे करू शकते. याउलट, केवळ डायरेक्टएफबीचे मजकूर रेखाटण्याचे मूळ कार्य वापरले, तर संग्रहातील वर्ण ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने एकापुढे एक मांडले जातात. सारांश, दोष डिस्प्ले सर्व्हरच्या अनुपस्थितीत नाही. तो जाताना सोबत काय गेले, याची मोजदाद न करण्यात आहे.

ही मोजदाद होत नाही, याचे कारणही स्पष्ट आहे. फ्रीटाइप हे ग्रंथालय टंकातील आकाराचे बिंदूंत रूपांतर करते. कोणता आकार निवडायचा आणि तो कोठे ठेवायचा, हे ते ठरवत नाही. रोमन लिपीत एका वर्णाला सहसा एकच आकार असतो आणि आकार लिहिल्या क्रमानेच येतात. त्यामुळे फ्रीटाइप जोडले की काम पूर्ण झाल्याचा भास होतो. देवनागरीत मात्र साठवणुकीचा क्रम उच्चाराचा असतो आणि दिसण्याचा क्रम लेखनपरंपरेचा. या दोहोंमधील दुवा म्हणजे अक्षरजुळणी. मुक्त प्रणालींत ती आज मुख्यतः हार्फबझ या ग्रंथालयाकडे आहे.

४. कसोटीचे शब्द

या दोषाचे स्वरूप पाहण्यासाठी आपल्या परिसरातलेच दोन शब्द घ्यावेत. 'नागपूर' हा शब्द युनिकोडमध्ये न, काना, ग, प, दीर्घ उकार, र अशा सहा घटकांनी साठवला जातो. काना उजवीकडे येतो आणि उकार खाली बसतो. क्रम बदलावा लागत नाही, जोडाक्षर नाही. जुळणीची व्यवस्था मुळीच नसली तरी हा शब्द बहुतांशी ओळखण्याजोगा उमटतो.

'विदर्भ' या शब्दाचेही घटक सहाच आहेत : व, ऱ्हस्व वेलांटी, द, र, हलन्ताचे चिन्ह, भ. पण येथे वेलांटी साठवणुकीत 'व'नंतर असून दिसायला हवी 'व'च्या आधी. 'र' साठवणुकीत 'भ'च्या आधी असून रफार होऊन बसायला हवा 'भ'च्या डोक्यावर. जुळणी नसेल, तर 'व'च्या उजवीकडे पडलेली वेलांटी वाचकाला 'द'ची वाटते, रफार होतच नाही आणि शब्द 'वदिर्‌भ' असा दिसतो. त्याच न्यायाने 'दिवस' हा 'दविस' होतो. संगणकाच्या दृष्टीने एकही वर्ण गहाळ झालेला नसतो. वाचकाच्या दृष्टीने शब्दच नाहीसा झालेला असतो.

या उदाहरणातून चाचणीच्या प्रचलित पद्धतीतील त्रुटीही लक्षात येते. देवनागरी चालते का, हे पाहण्यासाठी परीक्षक सहज जे शब्द टंकित करील, ते म्हणजे भाषेचे व शहराचे नाव. 'मराठी' आणि 'नागपूर' हे दोन्ही शब्द जुळणीविना निभावून जातात. 'महाराष्ट्र' निभावत नाही. दूरचित्रवाणीच्या मेनूतील नेहमीचे सहा शब्द घेऊ : बातम्या, चित्रपट, मालिका, क्रीडा, भक्ती, संगीत. यांपैकी पहिले पाच जोडाक्षरामुळे, वेलांटीमुळे किंवा दोहोंमुळे मोडतात. एकटे 'संगीत' तेवढे शाबूत राहते. अशा पेटीला 'देवनागरीची सोय आहे' असे प्रमाणपत्र देणे म्हणजे अंगण झाडून घर स्वच्छ असल्याचे सांगणे होय.

हिंदीसाठी केलेली सोय मराठीला आपोआप पुरेल, ही समजूतही तपासून पाहावी लागते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांतील भेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद दाखवणारा 'ऱ्य' हिंदीच्या नित्य व्यवहारात येत नाही आणि केवळ हिंदी मजकुरावर तपासलेल्या व्यवस्थेत तो निसटण्याची शक्यता असते. देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही मराठीत रूढ असलेली रूपे काही टंकांत समाविष्ट असतात. तथापि मजकुराची भाषा मराठी आहे असे जुळणीच्या ग्रंथालयाला सांगितल्याखेरीज ती निवडली जात नाहीत. डेस्कटॉपवर ही माहिती वापरकर्त्याने निवडलेल्या भाषेवरून मिळू शकते. पेटीवर ती विकसकानेच लिहावी लागते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीची लिपी व वर्णमाला यांचे प्रमाणीकरण केले. त्याचा लाभ शाळेच्या फळ्यापुरता राहून घरातील पडद्यापर्यंत पोहोचला नाही, तर ते प्रमाणीकरण अपुरेच म्हणावे लागेल.

५. प्रसारणाच्या तक्त्यातील रिकामी जागा

दोषाचे खापर केवळ पेटी घडवणाऱ्यावर फोडणे उचित होणार नाही. मजकूर पेटीपर्यंत येतो तो प्रसारणाच्या प्रवाहातून आणि त्याचे संकेतही विचारात घ्यावे लागतात. डीव्हीबी प्रमाणकात कार्यक्रमाच्या नावाआधीचा पहिला बाइट पुढील मजकुराचा वर्णसंच सांगतो. हे वर्णसंच मुख्यतः आयएसओ ८८५९ या मालिकेतील आहेत. त्या मालिकेचा अकरावा भाग थाई लिपीचा, तेरावा बाल्टिक भाषांचा. बारावा भाग देवनागरीसाठी योजिला होता. १९९७ मध्ये तो प्रयत्न सोडून देण्यात आला. परिणामी डीव्हीबीच्या तक्त्यातही थाई व बाल्टिक यांच्यामधली जागा केवळ 'राखीव' अशी उरली. पंगतीत पान मांडले, पण वाढलेच नाही, असा हा प्रकार आहे.

युनिकोडचा पर्याय पुढे त्याच तक्त्यात उपलब्ध झाला, त्यामुळे आज ही अडचण अपरिहार्य नाही. पण तिची किंमत मोजावी लागते. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. 'महाराष्ट्र' हा चार अक्षरांचा शब्द दहा घटकांनी बनतो आणि ३० बाइट घेतो. रोमन लिपीत तोच शब्द ११ बाइटांत मावतो. कार्यक्रमाचे नाव व संक्षिप्त माहिती वाहून नेणाऱ्या वर्णकाची कमाल लांबी २५५ बाइट असते. भाषासंकेत व लांबीचे बाइट वजा जाता २५० उरतात आणि त्यांत देवनागरीचे सुमारे ८२ घटक मावतात. विस्तृत माहितीसाठी निराळी सोय असली, तरी संक्षेपातच मराठीचा हात आखडतो, हे खरे.

नियमनाकडे पाहिले तरी हेच दिसते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या आंतरजोडणी विनियमांत, कार्यक्रमपत्रिकेमध्ये एका प्रकारच्या वाहिन्या सलग असाव्यात आणि त्या प्रकारात एका भाषेच्या वाहिन्या एकत्र असाव्यात, अशी तरतूद आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण ती वाहिनीच्या भाषेविषयी बोलते, पत्रिकेच्या भाषेविषयी नव्हे. मराठी वाहिन्या शेजारी शेजारी बसल्या, तरी त्यांची नावे व कार्यक्रम रोमन लिपीत लिहिलेले चालतात. त्याच विनियमांत पेटीने किमान १२० वर्णांचा संदेश दाखवू शकावा, अशी अट आहे. हे १२० वर्ण कोणत्या लिपीतले? रोमन लिपीत ते १२० बाइट होतात, युटीएफ-८ मधील देवनागरीत ३६०. लिपीचा उल्लेख नसलेली अट व्यवहारात रोमन लिपीची अट ठरते. २०२० मध्ये प्राधिकरणाने पेट्यांच्या आंतरपरिचालनाविषयी शिफारशी केल्या. त्यांचा रोख एका सेवादात्याची पेटी दुसऱ्याकडे चालावी यावर होता. पेटी दोन सेवादात्यांकडे चालावी हे महत्त्वाचे आहेच; ती एका वाचकाला कळावी, हेही तितकेच महत्त्वाचे नव्हे काय?

६. पूर्वसूरींचा मार्ग

हा प्रश्न नवा असता, तर अनभिज्ञतेची सबब मान्य करता आली असती. वस्तुस्थिती तशी नाही. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात देवनागरी संगणकावर मूलगामी काम झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम 'जिस्ट' या नावाने तेथे वाढले. त्या काळी खिडक्यांचा डेस्कटॉप आपल्याकडे रुळलेला नव्हता. जिस्ट कार्डाने अक्षरजुळणी संगणकाच्या प्रदर्शन-यंत्रणेपाशीच केली. वर चालणाऱ्या कार्यक्रमाला देवनागरीची विशेष जाण नसली, तरी पडद्यावर जोडाक्षर नीट उमटे. याच प्रवाहातून १९९१ चे इस्की प्रमाणक आले आणि युनिकोडमधील देवनागरीच्या मांडणीला इस्कीच्या १९८८ च्या रूपाचा आधार मिळाला.

आजच्या चर्चेत या इतिहासाला विशेष महत्त्व आहे. डेस्कटॉप नसताना देवनागरी कशी उमटवावी, या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याने साडेतीन दशकांपूर्वी दिले होते. त्यातील यंत्रभाग कालबाह्य झाला. तत्त्व झालेले नाही. अक्षरजुळणी हा सजावटीचा भाग नसून प्रदर्शनाचा पाया आहे, हे ते तत्त्व होय. पुढे जुळणीचे काम वरच्या थरातील ग्रंथालयांकडे गेले आणि वरचा थर पेटीतून काढताना पायाही निघाला. प्रगतीच्या एका टप्प्यावर मिळवलेले दुसऱ्या टप्प्यावर हरवले, असा हा क्रम आहे.

७. आक्षेप आणि परामर्श

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप साधनांचा : लहान पेटीला हा भार पेलेल काय? हार्फबझ, फ्रीटाइप आणि देवनागरीचा एक टंक यांची एकत्रित जागा पूर्ण एचडी पडद्याच्या एका चित्राला लागणाऱ्या ७.९ मेगाबाइटांपेक्षा कमी भरते. ही ग्रंथालये मुक्त आहेत. रेड हॅटचे 'लोहित' टंक २०११ पासून खुल्या टंक-परवान्याखाली मिळतात. मेनूतील ठरावीक शब्द एकदाच जुळवून साठवून ठेवता येतात. सारांश, नुसत्या एका स्थिर चित्राला जेवढी स्मृती परवडते, तेवढी लिपीला परवडत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : प्रेक्षक वाचतो कोठे, तो वाहिनीचा क्रमांक दाबतो. हे अंशतः सत्य आहे. पण क्रमांक पाठ करणे हा अनेकदा न वाचता आल्यावरचा उपाय असतो; तोच निवडीचा पुरावा म्हणून मांडणे तर्कदुष्ट होय. शिवाय वर्गणीची मुदत, वाढीव वाहिनीचे शुल्क किंवा आपत्तीची सूचना यांना क्रमांक नसतो. त्या वाचाव्याच लागतात. केवळ मराठी वाचू शकणाऱ्या व्यक्तीला त्यासाठी घरातील दुसऱ्या कोणाला हाक मारावी लागत असेल, तर तिच्या पैशांविषयीचा निर्णय तिच्या हाती उरत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा : अँड्रॉइडवर आधारित पेट्यांत आणि ब्राउझरच्या आधारे मेनू रंगवणाऱ्या पेट्यांत जुळणीची सोय अंगभूत असते, तेव्हा प्रश्न आपोआप सुटेल. तांत्रिक भागापुरते हे मान्य करता येईल. तथापि घरात बसलेली पेटी वर्षानुवर्षे बदलली जात नाही. आणि जुळणी असूनही भाषांतर नसेल, तर पडदा रोमनच राहतो. नवे तंत्र अडथळा दूर करते, इच्छाशक्ती पुरवत नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सेट-टॉप बॉक्सवर डिस्प्ले सर्व्हर वगळण्याचा निर्णय योग्य आहे आणि मराठीच्या हितासाठी तो फिरवण्याची गरज नाही. दुसरा असा की, डेस्कटॉपसोबत जाणाऱ्या प्रत्येक सेवेची यादी करून टंक, अक्षरजुळणी, भाषानिर्देश या सेवा हेतुपुरस्सर परत आणाव्या लागतात. तिसरा निष्कर्ष मूल्यमापनाचा आहे. अशा अनुप्रयोगाची परीक्षा केवळ तो किती लवकर सुरू होतो व किती स्मृती घेतो यावर न करता, तो 'विदर्भ', 'महाराष्ट्र', 'चित्रपट', 'बातम्या' आणि 'आचाऱ्यांना' हे पाच शब्द कसे लिहितो यावरही व्हावी. नियामक अटींत 'वर्ण' या शब्दासोबत लिपीचा स्पष्ट निर्देश असावा.

महाविद्यालयीन पातळीवर याची सुरुवात अवघड नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका लहान लिनक्स फलकावर, डेस्कटॉपविना, सहा शब्दांचा मराठी मेनू रंगवण्याचा प्रकल्प देता येईल. भाषाविभागातील विद्यार्थ्यांनी तो तपासावा. दोन विभागांनी एकाच पडद्यापुढे बसण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच येतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला. त्या गौरवाचा अर्थ ग्रंथालयांत व अभ्यासमंडळांत शोधला जाईलच. दैनंदिन जीवनात मात्र भाषेचा मान तिची वेलांटी योग्य बाजूला आणि रफार योग्य अक्षरावर पडण्यातूनही राखला जातो.